सतराव्या दिवसाचं ग्रहण

कात्री अर्ध्यावर होती तेवढ्यात शिवानंद म्हणाला, "सापडलं बघ." दोन दिवस घरात त्याचं आधार कार्ड शोधणं चाललं होतं, म्हणून रेश्मानं हातातलं काम न थांबवता विचारलं, "कुटं होतं?" "वर," तो फोनमधून डोकं न काढता म्हणाला. "अगं, जीव सापडला. लांबच्या ताऱ्याच्या एका ग्रहावर. परवापर्यंत असेल-नसेल चाललं होतं, आता पक्कं म्हणायलेत." असेल बाई, असं मनात म्हणत रेश्मानं कात्री पुढं सरकवली. टॉवेल मागावरून सुटे येत नाहीत. एकाला एक लागून लांबच लांब ताका येतो, आणि दोन टॉवेलांच्या मध्ये बोटभर कोरी पट्टी असते, लव नसलेली. त्या पट्टीवरून कात्री सरळ न्यायची, एवढंच तिचं काम. लग्न होऊन सोलापुरात आल्यापासून ती घरबसल्या तेच करत होती. शिवानंदनं टीव्ही लावला. तिथं एक टाय घातलेला माणूस हातवारे करत समजावत होता की तो तारा तांबडा आहे, बारका आहे, त्याचा ग्रह दर सतरा दिवसांनी त्याच्या तोंडावरून सरकतो, आणि सरकताना ग्रहाच्या कडेच्या हवेतून जो उजेड गाळून येतो त्यावरून त्या हवेत काय काय आहे ते कळतं. आणि ह्या हवेत जे सापडलंय ते जिवंत वस्तूशिवाय दुसरं कुणी करू शकत नाही. "सोप्या भाषेत सांगायचं तर," तो हसून म्हणाला, "हे एक प्रकारचं ग्रहणच आहे." घ्या! त्या बिचाऱ्याला काय माहीत, सोलापुरात एका घरात कोण ऐकायला बसलंय. स्वयंपाकघराच्या दारात नागम्मा उभी होती, रेश्माची सासू, भाकरीच्या पिठानं दोन्ही हात भरलेले. "गिराण?" ती म्हणाली. "कधी?" "आजच होतं वाटतं सकाळी," शिवानंद म्हणाला, आणि चॅनेल बदललं. नागम्माची नजर टीव्हीवरून निघाली ती सरळ कात्रीवर आली. रेश्माचा हात आपोआप थांबला. अर्धा कापलेला टॉवेल तसाच लोंबत राहिला, आणि तिला नववा आठवडा चालू होता.

तिचा हात का थांबला हे तिला कुणी सांगायला नको होतं. मागच्या खेपेला दिवाळीत ग्रहण आलं होतं, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, सूर्य मावळता मावळता. तेव्हा तिला पाचवा लागला होता. नागम्मानं वेध लागल्यापासून तिला आतल्या खोलीत चटईवर बसवलं होतं, पाय लांब करून, बोटं सरळ ठेवून. चिरायचं नाही, मोडायचं नाही, अंग खाजवायचंसुद्धा नाही. रेश्मा बारावी सायन्स झालेली, तिला हसू येत होतं. पण सासूचं मन मोडवत नव्हतं. बसून बसून कंटाळा आला, आणि ब्लाऊजच्या बाहीतून एक दोरा लोंबत होता तो तिनं दातानं तोडला. काही विचार करून नाही. मान वर केली तर दारात नागम्मा. "दातानं?" एवढंच ती म्हणाली. मार्च महिन्यात मुलगी झाली. गोरीपान, डोक्यावर दाट जावळ, आणि वरचा ओठ नाकापर्यंत उसवलेला, टाळूपण. तिला ओढताच येत नव्हतं. रेश्मा दूध काढून चमच्यानं थेंब थेंब घालायची, अर्धं नाकातून परत यायचं. डॉक्टर म्हणाले तीन महिन्यांची झाली की ऑपरेशन, अगदी छान होतं हल्ली. म्हणून बारसं पुढं ढकललं, ओठ झाला की करू म्हणून. दूध छातीत गेलं, आणि एकोणिसाव्या दिवशी ती गेली, नाव न ठेवताच. रेश्मानं त्याच डॉक्टरांना विचारलं होतं, दोऱ्याचं. ते म्हणाले, "ओठ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जुळतात, बाई. दोन्हीकडून येतात आणि मध्ये मिळतात. तुमचं ग्रहण पाचव्यातलं. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं." तिनं घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. नागम्मा कधी भांडली नाही, टोमणा मारला नाही. फक्त त्या दिवसापासून रेश्मा शिवायला बसली की ती लांबून तिच्या तोंडाकडं बघत असायची.

आणि आता नववा आठवडा. म्हणजे डॉक्टरांच्या हिशेबानंही ओठ आत्ताच जुळत होते, ह्याच आठवड्यात, कदाचित ह्याच घटकेला. सासूचं ग्रहण आणि डॉक्टरांचं शास्त्र एरवी एकमेकांचं तोंड बघत नसत, ते दोघं नेमके आज सकाळी एकाच दारातून घरात आले होते. नागम्मानं हात धुतले, काही न बोलता कात्री उचलली आणि लुगड्यांच्या पेटीत ठेवून पेटीला कुलूप घातलं. "आत्ती, ते तिकडं लई लांब हाय," रेश्मा म्हणाली. "आपल्या सूर्याला काय बी झालं न्हाई." "गिराण ते गिराण," नागम्मा म्हणाली. "लांबचं काय आन् जवळचं काय. यव्वा, आपला चांद तरी काय दारात हाय व्हय?" शिवानंद हसत हसत शिफ्टला गेला. रेश्मा चटईवर बसली आणि तिच्या लक्षात आलं की आपण पाय लांब केलेत, बोटं सरळ ठेवलीत, आणि हे आपल्याला कुणी सांगितलेलं नाही.

गावात लोकांना पहिले चार दिवस मजा वाटली. समोरच्या बजाबाई नळावर म्हणाल्या, "येऊ देत की आले तर. फक्त पाण्याच्या दिवशी येऊ नका म्हणावं, त्या दिवशी कुणाला बोलायला बी सवड नसती." पाणी पाच दिवसांनी एकदा येतं, म्हणून सगळ्या हसल्या. फोनवर काय काय फिरत होतं: त्यांना तीन डोळे आहेत, ते आपल्याआधीपासून आपल्याला बघतायत, आपल्या पुराणात हे सगळं लिहिलंय. टीव्हीवर मोठमोठे लोक एकच वाक्य घोळवत होते, 'आपण एकटे नाही', आणि ते सांगताना त्यांचे चेहरे असे फुललेले की घरी पाळणा हललाय. रेश्माला कळेना, यात आनंदाचं काय आहे. एकटे होतो कधी? भिंतीपलीकडं दिवसभर माग खडखडतो, अलीकडं सासू बघत असते. एकटं असण्याची तिला कधी भीतीच नव्हती. तिला भीती उलटी वाटत होती. शाळेत त्यांच्या वर्गात साठ पोरं होती. पुढं बाजूच्या गावची शाळा बंद झाली आणि एकशेदहा झाली, तेव्हा पहिल्या दिवशी बाईंनी हजेरी घेतली आणि तिचं नाव घ्यायचं राहिलं. बाई वाईट नव्हत्या. त्यांच्याकडं पोरं जास्त झाली होती, इतकंच. पाचव्या दिवशी टीव्हीवर निवडणूक आली, सहाव्या दिवशी बातमी पार खाली सरकली, आणि बाजारात मेथी दहाला एक पेंढीच राहिली. एवढं मोठं झालं आणि काहीच हललं नाही, याचाच तिनं जास्त धसका घेतला. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला थांबवून विचारावं असं वाटायचं, अहो, तुम्हाला कळलंय ना नक्की?

नागम्मानं मात्र बातमी सोडली नव्हती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिनं त्या दिवसापासून सतरा घरं मोजली आणि सतराव्या घरावर काळी फुली मारली, मग पुढचे सतरा, मग पुढचे. तिला वाचता येत नव्हतं, पण मोजायला ती कुणाला हार जाणार नव्हती. पहिली फुली आली त्या दिवशी पहाटेच तिनं पिण्याच्या पाण्यावर दर्भ ठेवला, शिजवलेलं सगळं बाहेर दिलं, आणि रेश्माला आत बसवलं. "किती वाजता सुटतंय?" रेश्मानं विचारलं. वेळ कुणालाच माहीत नव्हती. पंचांगात नव्हती, टीव्हीवाल्यांनी सांगितली नव्हती. "दिवसभर धर," ती म्हणाली. "कमी नको पडाया." आणि स्वतःही रेश्मासमोर तशीच बसली, पाय लांब करून, खरं तर तिला बसायची काही गरज नव्हती. दोघी बायका भर दिवसा खिडकी लावून बसल्या, दोघींची बोटं चटईवर सरळ पसरलेली. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. कुठल्या तरी तांबड्या सूर्यासमोरून कुठला तरी ग्रह त्या वेळी सरकत होता, आणि त्यावर कुणीतरी होतं, नसतील डोळे, नसेल तोंड, पण होतं, आणि त्याला सोलापूर माहीत नव्हतं. रेश्माचं माहेर उजनीच्या पाण्याकाठी. जुनं गाव धरणात गेलेलं, तिच्या जन्माआधीच. लहानपणी बापानं तिला होडीतून नेलं होतं आणि मधोमध होडी थांबवून सांगितलं होतं, "हितं खाली आपलं घर हाय." ती काठावरून वाकली. हिरवं, गढूळ पाणी. "आता तितं कोण ऱ्हातं?" "मासं ऱ्हात्यात," बाप हसून म्हणाला. "उंबऱ्यातनं आत, खिडकीतनं भाईर." ती होडीत रडायला लागली होती. मासे वाईट म्हणून नव्हे. त्यांना ते घर आपलं होतं हे ठाऊकच नाही, आजीनं जिथं चूल घातली तिथून ते नुसते जातायत, म्हणून. बापाला काही कळलं नाही. त्यानं तिला पाण्याची भीती वाटते असं समजून होडी वळवली.

दुसरी फुली आली तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. बंद खोलीत पंखा गरम वारा फिरवत होता आणि रेश्माच्या डोक्यात एक आकडा फिरत होता. तो आकडा पहिल्याच दिवशी टीव्हीवर सांगितला होता, पण तेव्हा तो मनात शिरला नव्हता. "आत्ती," ती म्हणाली, "तो उजेड तितनं निघाला त्याला सव्वाशे वर्सं झाली. आपल्याला दिसलेलं गिराण सव्वाशे वर्सामागचं. आन् त्याच्या आदीपास्नं ते दर सतरा दिवसाला होतंयच की." नागम्मानं डोळे उघडले. "म्हंजे तुमी पोटुशा होता तवा बी होत होतं. ह्यांच्या वेळी नऊ महिन्यांत पंधरा-सोळा गिराणं झाली. तवा तुमी चिरलं न्हाई? कापलं न्हाई? मागावर तुटलेलं सूत तोडलं न्हाई? आन् हे बघा, धडधाकट." तिला वाटलं, आता आत्ती हसेल, पेटीची किल्ली काढेल. नागम्मानं पदरानं गळ्याचा घाम पुसला. मग म्हणाली, "तवा म्हाईत न्हवतं. न कळलेलं लागत न्हाई, पोरी. कळलं की लागतं." म्हातारी अडाणी खरी. पण टीव्हीवरच्या एकाही शहाण्याला हे सांगता आलं नव्हतं. सव्वाशे वर्षं, हजारो वर्षं ते तिथं होतंच, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते कळल्यावर. आता ते न कळलेलं करता येणार नव्हतं. पोटात जे जुळत होतं ते कळलेल्या जगात जुळत होतं.

मग नागम्मानं न विचारता सांगितलं. ऐंशी साली मोठं ग्रहण आलं होतं, दिवसाढवळ्या अंधारून आलेलं, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. ती एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण. सासरे बाहेरच्या खोलीतून ओरडले, सुपारी दे. ती म्हणाली, मामा, गिराण हाय. ते म्हणाले, मला काय शिकवतीस. तिनं अडकित्त्यानं सुपारी कातरून दिली. आठव्या महिन्यात मुलगा झाला तो मेलेलाच. "सासू मरेपतोर बोलली," नागम्मा म्हणाली. "सुपारीवाली म्हणायची मला, चारचौघांत. मामा एका शब्दानं म्हणाले न्हाईत की मी मागितली." ती हे इतक्या सपाट आवाजात बोलली की रेश्माला क्षणभर वाटलं दुसऱ्या कुणाची गोष्ट चाललीय. "मी तुला कधी बोलले का?" नागम्मानं विचारलं. "न्हाई," रेश्मा म्हणाली. "बोलायचं न्हाई असं मी ठरिवलं हुतं." चार वर्षं तिला वाटत होतं, ही बाई आपल्या तोंडाकडं आरोपीकडं बघावं तशी बघतेय. ती बघत होती स्वतःकडं.

पण त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, दात घासताना, रेश्माला खरी भीती भेटली. आतापर्यंतची भीती पाहुणी होती म्हणायची. डॉक्टरांचं तिनं कधीच मनापासून मानलं नव्हतं, हे तिला आरशात बघता बघता कळलं. मानायचं नव्हतं म्हणून मानलं नव्हतं. दोरा तोडला म्हणून ओठ तुटला, यात तिचा गुन्हा होता, पण त्यात कुणीतरी होतं. वर कुणीतरी होतं की ज्याला सोलापुरातल्या एका खोलीतला, एका बाहीचा, एवढासा दोरा दिसला. शिक्षा वाईट, पण शिक्षा करणारा आहे म्हणजे त्यानं बघितलं. पुढच्या खेपेला नीट वागलं तर तो तेही बघेल. या विश्वासावर तर तिनं दुसऱ्यांदा दिवस जाऊ दिले होते! आणि आता तिकडं, त्या तांबड्या उजेडात, दुसरेच कुणी जन्मत होते, मरत होते, त्यांचंही काही जुळत असेल, काही उसवत असेल, कुणाच्या दोऱ्याशिवाय, कुणाच्या सुपारीशिवाय. तिथं कोण ग्रहण पाळतं? त्यांचा ग्रहच दर सतरा दिवसांनी ग्रहण लावतो, आणि तरी ते जगतायत. म्हणजे ते बघणारं कुणी नव्हतंच. मुलीचा ओठ नुसताच जुळायचा राहिला होता. कुणाचं लक्ष नव्हतं म्हणूनसुद्धा नाही. लक्ष देणारं खातंच नव्हतं. तिनं तोंडातला फेस थुंकला आणि बेसिनला धरून उभी राहिली. आपण गुन्हेगार नाही हे कळल्यावर माणसाला बरं वाटतं म्हणतात. तिला बेसिन सोडवेना.

त्या दिवसापासून तिनं फुल्या पाळल्या त्या नागम्मापेक्षा कडक. नागम्मा म्हणायची, थोडं पाणी पी गं; ती नाही म्हणायची. शिवानंद चिडला. "तू शिकलेली हायस का काय?" तो म्हणाला. "आईचं मी समजू शकतो." त्याला काय सांगायचं? की मी पाळतेय म्हणजे कुणीतरी आहे, आणि मी सोडलं की कुणीच नाही? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तिसरी फुली, चौथी फुली. कारखान्यातून कापायला येणारे ताके तिनं बंद केले होते. ती दिवसभर जिभेनं स्वतःचा वरचा ओठ आतून चाचपत राहायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये ती बारीक शीर लागायची तिथं थांबायची. इथं दोन्हीकडून येतात आणि मिळतात. कुणी सांगतं का त्यांना, या म्हणून?

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी मेच्या पहिल्या आठवड्यात ठरली, आणि तारीख नेमकी फुलीवर आली. शिवानंद म्हणाला, बदलून घेऊ. नागम्माच म्हणाली, "ब्याड, बदलू नगा. जाऊ. मला बी न्या." सकाळी साडेदहालाच ऊन भाजून काढत होतं, रिक्षात सीटला हात लावता येत नव्हता. शिवानंद त्यांना सोडून कामावर गेला. नागम्मा बाहेर बाकड्यावर बसली, रेश्मा आत गेली. डॉक्टरीण बाई तरुण होत्या, थकलेल्या. त्यांनी पोटावर गार जेली लावली आणि मशीन फिरवायला सुरुवात केली. डोकं, पाठीचा कणा, हृदय. त्या एकेक नाव घेत होत्या आणि रेश्मा श्वास कोंडून छतावरच्या ओलीच्या डागाकडं बघत होती. मग त्या गप्प झाल्या. मशीन एकाच जागी मागंपुढं होऊ लागलं. ती शांतता किती लांब होती हे तिला पुढं कधी सांगता आलं नसतं; एवढंच की तेवढ्यात तिनं कुणालातरी हाक मारायचा प्रयत्न केला, आणि कुणाला मारायची ते सुचलं नाही. "हं," बाई म्हणाल्या. "बाळ तोंडावर हात घेऊन होतं. वरचा ओठ सलग आहे." रेश्माच्या तोंडून निघालं, "का?" "का म्हणजे?" "म्हंजे कशामुळं जुळला?" बाई हसल्या. त्यांनी कागदी रुमाल तिच्या हातात दिला. "जुळतोच हो. बहुतेकांचा जुळतो." "आन् ज्याचा न्हाई जुळत त्याचा?" बाईंनी फाईलमध्ये मागचं वाचलेलं असावं, कारण त्यांचा आवाज मऊ झाला. "नाही जुळत कधी कधी. तुमच्या हातात काही नसतं, ताई. कुणाच्याच नसतं." त्यांनी ते धीर द्यायला म्हटलं होतं. रेश्मानं पोट पुसलं, आणि जेली निघून गेली तरी पुसतच राहिली.

बाहेर नागम्मा उभीच होती. "सलग हाय," रेश्मा म्हणाली. नागम्मानं डोळे मिटले, "शिवा, शिवा" म्हणाली, आणि डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, "कशानं म्हणाली?" खोटं बोलायची वेळ होती ती. आपण पाळलं म्हणून, एवढं म्हटलं असतं तर म्हातारी सुखानं घरी गेली असती. रेश्माला ते म्हणता येईना. "कशानंच न्हाई," ती म्हणाली. "असाच जुळतोय म्हणाली." "आन् आपल्या पोरीचा?" "तो बी कशानंच न्हाई." आतून कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं, एक बाई पदर सावरत उठून गेली. "आन् माझ्या पोराचं?" नागम्मानं विचारलं. सत्तेचाळीस वर्षांत हे तिनं कुणालाच विचारलं नसावं. आवाज एकोणीस वर्षांच्या पोरीचा आला. "सुपारीनं न्हाई, आत्ती," रेश्मा म्हणाली. "तुमी काय बी केलं न्हाई." तिला वाटलं आता ती रडेल, मोकळी होईल. नागम्मा रडली नाही. तिनं रेश्माचं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. "मी न्हाई," ती म्हणाली. "तू न्हाई. मग कुणी?" ती आभाळाकडं बघत नव्हती. ती दवाखान्याच्या भिंतीकडं, बाकड्याकडं, दाराकडं बघत होती, घर चुकलेल्या माणसासारखी. "रेश्मी, कुणीच न्हाई व्हय गं? हितं बी न्हाई, तितं बी न्हाई?"

रेश्मानं तोंड उघडलं, आणि त्याच वेळी पोटात, बेंबीच्या खाली, आतून कुणीतरी ढोसलं. ह्या खेपेला पहिल्यांदाच. ती इतकी दचकली की हातातली फाईल खाली पडली. आत कुणीतरी होतं. त्याला ती माहीत नव्हती, सोलापूर माहीत नव्हतं, ते आपलं आपण जुळून तयार झालं होतं आणि आता हलत होतं. तिनं सासूचा हात ओढून घट्ट तिथं धरला. "हाय," ती म्हणाली, "आत्ती, हाय कुणीतरी," आणि मेच्या त्या उन्हात भीतीनं तिचे दात वाजायला लागले.